आठवड्यातील एक ठराविक दिवस

१ ऑक्टोबर १९९९, शुक्रवार

आंबा घाटात एसटी वळणं घ्यायला लागली की फरीदा मला लिंबू द्यायची. तिने स्वतः चोखून अर्धं केलेलं. "बोलू नको गो, डोळे मीट आणि चोख," म्हणायची. आम्ही दोघी कोल्हापूरच्या कॉन्व्हेंटात परत निघालेल्या, करड्या पिनाफोरमधल्या, बारा-तेरा वर्षांच्या. घाट चढून गाडी थांबली की ती आधी खाली उतरून माझा रुमाल भिजवून आणायची आणि मग एका बाजूला जाऊन स्वतः ओकायची. कंडक्टर ओरडायचा, "उरका बायांनो, कोल्हापूर पळून जात नाही, पण मी जाईन!" एवढंच. त्यात आठवण्यासारखं काही नाही. म्हणूनच बहुधा ते राहिलं.

आज तिच्याबरोबर बंदरावर गेले, तिच्या भावाच्या मांगरात. मांगर म्हणजे चिऱ्याच्या चार खांबांवर पत्रे टाकलेली शेड. वजीरभाई पूर्वी जहाजावर रेडिओ ऑफिसर होते. आता मासेमारीच्या बोटींवरचे वायरलेस सेट आणि पाण्याखालचे मासे दाखवणारी यंत्रं दुरुस्त करतात. ते एकटे नाहीत, असे दहा-बारा जण आहेत. आता तर काही वस्तू ते स्वतः बनवून थेट गुजरातेपर्यंत विकतात. असा उद्योग इतर कुठल्या बंदरावर उभा राहिला नाही. रत्नागिरीतच का राहिला, हा माझ्या पीएच.डी.चा विषय. वय सत्तावन्न. स्वेच्छेने निवृत्त होऊन वर्ष झालं. माझ्या मागून नोकरीला लागलेले सगळे 'डॉक्टर' होऊन विभागप्रमुख झाले आणि मी शेवटपर्यंत 'आगाशे मॅडम' राहिले. ते आता इथे लिहून काय उपयोग. पण लिहिलं.

वजीरभाई म्हणाले, "या बाय! प्रोफेसरीणबाई आल्या, खुर्ची आणा. खुर्ची नाय? मग ह्या बॅटरीवर बसा, जाताना चार्ज होऊन जाल."

गाइडसाठी मी क्षेत्रकार्याची डायरी ठेवते. ती नीटनेटकी आहे. ही माझी.

२२ ऑक्टोबर, शुक्रवार

सापडलं असं वाटतंय.

शुक्रवारी इथल्या बोटी समुद्रात जात नाहीत. बहुतेक मालक आणि बोट हाकणारे तांडेल मुसलमान, त्यांचा जुम्मा. खलाशी हिंदू असले तरी त्यांचीही सुट्टी शुक्रवारीच. म्हणजे सगळा बिघडलेला माल एकाच दिवशी जमिनीवर येतो. एकट्या माणसाच्याने तो उरकत नाही, म्हणून वजीरभाईंनी बऱ्याच वर्षांपूर्वी एक लांब बाक टाकलं आणि बाकीच्यांना बोलावलं. सकाळपासून नमाजापर्यंत, आणि नमाजानंतर पुन्हा. बाकाचा नियम एकच: पाठ करून पेटी उघडायची नाही. जो सेट उघडतो तो सगळ्यांकडे तोंड करून उघडतो आणि आत काय मिळालं ते मोठ्याने सांगतो. एकाला कळलेलं दुपारपर्यंत सगळ्यांना कळतं.

दुसऱ्या दोन बंदरांवर मी जाऊन आले. तिथेही हुशार कारागीर आहेत, बोटी आहेत, पैसा आहे. पण तिथे ज्याची त्याची सुट्टी वेगळी. दुरुस्ती घरोघर, दार लावून. तिथे काही उभं राहिलं नाही.

आज एक तांडेल यंत्र घेऊन आला. "ह्याला आधी डोळे तपासायला न्या. परवा खडक दाखवला, जाळं टाकलं, तर खडक पळाला!"

वजीरभाईंची मुलगी झरीन बाकावर असते, पॉलिटेक्निकचा डिप्लोमा झालेली. पेटी उघडता उघडता म्हणाली, "चाचा, खडक नव्हता तो. तुमचा नशीब होता."

सगळे हसले. मग ती मोठ्याने म्हणाली, "खारं पाणी केबलीच्या सांध्यातून. मागच्या जुम्म्यालापण हेच होतं." आयटीआयवाला आत्माराम पलीकडून ओरडला, "सांध्यावर फायबरची टोपी बसवू. मी करतो साचा." बोटीच्या तळात पाणी चढलं की वाजणारी घंटीही अशीच झाली म्हणे. कोणी बनवली विचारलं तर चार जणांनी चार नावं सांगितली, आणि एकानेही स्वतःचं सांगितलं नाही. हे माझ्या पुस्तकी सिद्धान्तांत कुठे बसत नाही. आनंद झाला. बऱ्याच वर्षांनी असा झाला.

१४ नोव्हेंबर, रविवार

हरिहर शुक्रवारी पुण्याहून आला. डॉ. हरिहर जोगळेकर, माझा गाइड. चारचौघांत मी 'सर' म्हणते, पण एकेकाळी आम्ही इथल्याच कॉलेजात एका टेबलाशी बसून पेपर तपासत होतो आणि तो माझ्या डब्यातलं अळूचं फतफतं खात होता. आता सरकारच्या तंत्रउद्योग समितीवर आहे. केस गेले, हसू तेच आहे.

चौथं प्रकरण, शुक्रवारचं, त्याने वाचून आणलं होतं.

"सुंदर आहे पद्मजाबाई. प्रबंधाचा प्राण आहे हा. पण शुक्रवार काढा."

"काढू? अहो, सगळं त्याच्यावरच उभं आहे."

"परीक्षक कोण असणार, तुम्हाला ठाऊक नाही. शुक्रवार म्हटलं की तो नमाजावर घसरणार, आणि नमाजावरून आणखी कुठे. तुमचा शोध राहील बाजूला. आणि समितीत तर बोलायलाच नको, दिवस कसे आहेत बघताय ना?"

"मग काय लिहू?"

"आठवड्यातील एक ठराविक दिवस. सिद्धान्ताला वाराचं नाव लागत नाही."

मला पटलं असं नाही. पण कॉन्व्हेंटने एक गोष्ट अंगात भिनवली आहे, तपासणाऱ्याशी वाद घालायचा नाही.

त्याचा मुलगा सलिल बरोबर होता, नुकताच एमबीए झालेला. त्याला परवा मांगर दाखवला होता. किती बारकाईने विचारत होता! कुठल्या कंपनीचे सेट जास्त येतात, काय बिघडतं, नवा घेण्याऐवजी लोक दुरुस्त का करतात, वर्षाला बोटी किती. झरीनने सगळं समजावून सांगितलं. वजीरभाईंनी त्याला स्वतःच्या डब्यातला मासा वाढला, आणि कोकणस्थाच्या पोराने तो खाल्ला! हल्लीच्या मुलांत अशी जिज्ञासा कुठे राहिली आहे. आमच्या विभागातल्या डॉक्टरांना तर बंदराचा वाससुद्धा सोसत नाही.

३ डिसेंबर, शुक्रवार

जयस्तंभाजवळच्या कॉम्प्युटर सेंटरमध्ये प्रबंध टाइप होतो आहे. मुद्दाम मराठीत लिहिला, ज्यांच्याबद्दल आहे त्यांना वाचता यावा म्हणून. ऑपरेटर मुलगी म्हणाली, "मॅडम, एकेक शोधत बसायची गरज नाही. एकदाच सांगायचं कॉम्प्युटरला." तिने काहीतरी दाबलं आणि एका क्षणात सगळे शुक्रवार गेले. मला वाटलं होतं वेळ लागेल.

संध्याकाळी फरीदाकडे. सांगितलं. लपवून ठेवण्यासारखं त्यात काही नव्हतं.

तिने सांदणं वाफेवरून उतरवली, बशीत घातली, नारळाचं दूध वाढलं. मग म्हणाली, "म्हणजे आमचा वार नाव घेण्यासारखा नाही?"

"तसं नाही गो. ही शास्त्राची रीत असते. नेमकं नाव घेतलं की नियम लहान होतो."

"असेल. तू शिकलेलीस."

"तूही त्याच वर्गात होतीस."

"मी नववीत आले परत. विसरलीस?"

विसरले नव्हते. तिचं लग्न ठरलं तेव्हा सिस्टर बर्नाडेट रडली होती. पण आज तिने ते असं काढायला नको होतं. सांदणं छान झाली होती. तिने स्वतः खाल्ली नाहीत. हल्ली ती जरा चटकन मनाला लावून घेते. होईल ठीक.

१९ जानेवारी २०००, बुधवार

प्रबंध दिला. समितीसाठी वेगळा सारांशही दिला. हरिहर म्हणाला, तुमच्या संशोधनाचा प्रत्यक्ष उपयोग होणार, असं भाग्य किती जणांना मिळतं? खरं आहे.

घरी येऊन मथुराला शिरा करायला सांगितला. मथुरा माझ्याकडे वीस वर्षं स्वयंपाक करते. तिने विचारलं, "ह्याने तुमचं पेन्शन वाढेल?" मी नाही म्हटलं. तिने साखर बेताचीच घातली.

८ जून, गुरुवार

समितीचा अहवाल छापून आला. रत्नागिरीला 'सागरी इलेक्ट्रॉनिक्स संकुल' मंजूर. बंदरावर नाही, शहराबाहेर सड्यावरच्या, म्हणजे उघड्या कातळावरच्या, औद्योगिक वसाहतीत. प्रत्येक कारागिराला स्वतंत्र गाळा, शटरसह. माझी वाक्यंच्या वाक्यं आहेत त्यात. "आठवड्यातील एक ठराविक दिवस सर्व तंत्रज्ञ एकत्र येतात, ही या उद्योगाची जननी होय." आत लेखक म्हणून हरिहरचं नाव. माझं शेवटच्या पानावर: क्षेत्रकार्य साहाय्य, श्रीमती प. आगाशे. समित्यांची तशी पद्धत असेल. मी त्याला विचारलं नाही. त्याने स्वतःहून सांगितलं असतं तर बरं वाटलं असतं, एवढंच.

वजीरभाईंना नकाशा दाखवायला नेला. पावसाळ्यासाठी बोटी किनाऱ्यावर झाकून ठेवलेल्या, बंदरावर शुकशुकाट.

"गाळे ऐसपैस हायत," म्हणाले. "पण भिंती लय."

"शेजारी शेजारीच आहात की सगळे."

"शेजारी म्हणजे समोरासमोर नाय, बाय."

आत्माराम मात्र खूश होता. "वजीरभाई, आपलंही नाव पाटीवर लागू दे की एकदा. किती दिवस बॅटरीवर बसायचं?"

मला त्याचंच बरोबर वाटलं.

२ डिसेंबर, शनिवार

डॉक्टर झाले. मौखिक परीक्षेत परीक्षकांनी चौथ्या प्रकरणावर एकच प्रश्न विचारला: हा ठराविक दिवस कुठला? मी हरिहरकडे पाहिलं. तो म्हणाला, "स्थानिक सोयीने ठरलेला, सर." परीक्षक म्हणाले, "अच्छा." झालं.

फरीदाने फोनवर अभिनंदन केलं. "डॉक्टरबाई" म्हणाली. चेष्टेने नाही. चेष्टेने म्हणाली असती तर मी हसले असते. आयुष्यभर माझ्या प्रत्येक गोष्टीत जिचा आनंद होता तिलाही आता माझी पदवी टोचावी? कॉलेजातल्या लोकांकडून अपेक्षाच नव्हती. हिच्याकडून होती.

१ मे २००१, मंगळवार

संकुलाचं उद्घाटन. मांडव, हार, भाषणं. वजीरभाईंना पहिल्या रांगेत बसवलं होतं. आत्मारामने घंटीसाठी स्वतःच्या एकट्याच्या नावाने अर्ज केला आहे, कारण अनुदानाच्या अटीत 'प्रत्येक गाळ्याची स्वतंत्र निर्मिती' हवी. त्यावरून तो आणि वजीरभाई बोलत नाहीत असं मथुराने सांगितलं. तिला मासळीबाजारात सगळं कळतं. मांगर पाडणार आहेत, बंदरावर गाड्यांसाठी जागा हवी म्हणून. जुनं जातं तेव्हा वाईट वाटतंच. पण नवं इतकं चांगलं आहे.

हरिहर माझ्याशेजारी बसला नव्हता, व्यासपीठावर होता. सलिल होता शेजारी. कसल्याशा परदेशी कंपनीची एजन्सी घ्यायच्या खटपटीत आहे. पुण्या-मुंबईची मुलं उलटी कोकणात येऊ लागली, याहून उद्योगाच्या उदयाचं दुसरं लक्षण कोणतं?

१० ऑगस्ट, शुक्रवार

आल्याबरोबर लिहायला बसले.

बोटी पुन्हा पाण्यात गेल्या, त्यानंतरचा हा पहिला शुक्रवार. म्हटलं संकुलात सगळे कसे बसतात ते पाहू. रिक्षा केली. सड्यावर ऊन आणि वारा. फाटकाला कुलूप. बाहेर तीन रिक्षा उभ्या, त्यांत तांडेल, मांडीवर सेट.

वॉचमन म्हणाला, "आज वसाहत बंद, मॅडम. विजेची सुट्टी. आमचा वार शुक्रवार."

वीज वाचवायला प्रत्येक वसाहतीला एकेक वार बंदसाठी नेमून दिलेला असतो. हे मला माहीत होतं! मी वर्गात शिकवलं आहे. पण या वसाहतीचा वार कुठला, हे विचारायचं मला सुचलं नाही. समितीतल्या कुणाला सुचलं असतं, तर कशावरून सुचलं असतं?

एक तांडेल म्हणाला, "ज्या दिवशी आम्ही जमिनीवर, त्या दिवशी हे कुलपात. बाकीचे सहा दिवस आम्ही समुद्रात आणि हे इथे माश्या मारत."

दुसरा म्हणाला, "मारू देत, आम्हाला मासे मिळतात, त्यांना माश्या." तो हसला, कोणी साथ दिली नाही. मग त्याने मलाच विचारलं, "बाई, हे ठरवलं कोणी?"

मी म्हणाले, मला माहीत नाही.

येताना रिक्षा बंदरावरून घेतली. मांगराच्या जागी पांढरे पट्टे आखलेले. तीन मोटारसायकली उभ्या होत्या.

२३ ऑगस्ट, गुरुवार

उद्योग कार्यालयात गेले. अधिकारी तरुण, सभ्य. संकुलाचा वार बदलता येईल का विचारलं.

"वार एका संकुलाचा नसतो मॅडम, सगळ्या वसाहतीचा असतो. विजेची वाहिनीच एक आहे."

"मग या लोकांना शुक्रवारी तरी बंदरावर बसू द्या."

"अनुदानाची अट आहे, गाळ्याबाहेर काम नाही. नाहीतर सगळे गाळे घेऊन जुन्याच जागी बसतील." मग अहवाल काढून माझ्यासमोर ठेवला. "आणि मॅडम, रागावू नका, पण यात शुक्रवार कुठेच नाही. असता तर जागा निवडतानाच लक्षात आलं असतं. मी वाचला आहे, दोनदा."

मी त्याला खरं सांगितलं. त्याने चहा मागवला.

हरिहरला फोन केला. म्हणाला, "अरेरे. बघतो."

१२ नोव्हेंबर, सोमवार

तो बघतो आहे. त्याला इतकी कामं असतात. समितीवरच्या बाकीच्यांनी त्याला अंधारात ठेवलं असणार, नाहीतर त्याच्यासारख्या माणसाच्या नजरेतून हे सुटलं नसतं.

मी दोनदा फरीदाकडे गेले. दोन्ही वेळा चहा झाला, बिस्किटं झाली. माझ्या गुडघ्याची चौकशी झाली. वजीरभाई आत निजले होते. मी मांगराचा विषय काढला की ती पडदा सारखा करायला उठते. मी काय मुद्दाम केलं? एकदा भांडली असती तर बरं झालं असतं. शाळेत भांडायची, वेणी ओढायची. आता थँक यू म्हणते.

१५ फेब्रुवारी २००२, शुक्रवार

बंदरावर सलिलचं दुकान सुरू झालं, अगदी पांढऱ्या पट्ट्यांच्या समोर. काचेचं. शुक्रवारी दिवसभर उघडं, नमाजाच्या वेळीसुद्धा. त्याला बरोबर कळलं ग्राहक कधी जमिनीवर असतो. बाकीच्या शहाण्यांना जे जमलं नाही ते या पोराला जमलं! मी आशीर्वाद द्यायला आत गेले.

काउंटरवर झरीन होती. दुकानाचा निळा शर्ट, गळ्यात ओळखपत्र. बरं वाटलं, म्हटलं मुलीला नोकरी लागली.

एक म्हातारा तांडेल यंत्र घेऊन आला. "गो झरीन, दिसत काय नाय ह्यात. उघडून बघ जरा."

"उघडता येत नाही चाचा. सील हाय. सील तोडला तर गॅरंटी जाते."

"तुला येतं की!"

"मला येतं. दुकानाला येत नाही. जुना द्या, नव्यावर सूट मिळेल."

म्हातारा तिच्या तोंडाकडे बघत राहिला. "तुझ्या बापाने हाच सेट तीनदा उघडला होता."

"बाबाला तिकडे फोन करून सांगते," ती म्हणाली आणि पावतीपुस्तक पुढे ओढलं.

तिकडे म्हणजे कुठे? मी विचारलं. वजीरभाई महिन्यापूर्वी बहारिनला मुलाकडे गेले. त्याने कायमचं बोलावून घेतलं. गाळा परत केला. मला कोणी सांगितलं नाही. मथुरालासुद्धा माहीत होतं, "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून" ती बोलली नव्हती.

झरीन मला म्हणाली, "बसा ना मॅडम." पूर्वी बाय म्हणायची.

२० ऑक्टोबर, रविवार

हरिहरचा काल इथल्या सभागृहात सत्कार झाला. त्याचं नवं पुस्तक आलं आहे, कोकणातल्या तंत्रउद्योगांचा उदय आणि अस्त यावर. अस्तसुद्धा झाला, आणि त्याचंही पुस्तक झालं.

मी तिथेच बसून शेवटचं प्रकरण वाचलं. संकुल का बंद पडलं? तर 'स्थानिक कारागिरांत उद्योजकीय मानसिकतेचा अभाव', 'परस्परांवरील अविश्वास', 'शिस्तबद्ध कामाच्या सवयीचा अभाव'. वजीरभाईंना शिस्त नव्हती! ज्यांच्या बाकावर पाठ फिरवायची कुणाची हिंमत नव्हती!

कार्यक्रमानंतर त्याच्याभोवती गर्दी. मी थांबले. माणसं पांगली तेव्हा म्हणाले, "हरिहर, तुला माहीत होतं. मूळ प्रकरण तू वाचलं होतंस. बैठकीत कोणी ठराविक दिवस म्हटल्यावर एकदा तोंडाने शुक्रवार म्हणायचं होतंस."

त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

"अहो पद्मजाबाई, शब्द तुम्हीच बदललात. मी नुसतं सुचवलं होतं. नाही म्हणायचा हक्क संशोधकाला असतोच की."

मग सलिल गाडी घेऊन आला आणि दोघं जेवायला गेले. मला विचारलं होतं, मीच नको म्हटलं.

तो म्हणाला ते खरंच आहे. आज दिवसभर त्यात चूक शोधते आहे, सापडत नाही. त्याचं मन मोठं आहे, शब्दांत बरोबर असतो. मी तीस वर्षं मुलांना शिकवलं की वस्तूला तिच्या नावाने हाक मारा. आणि जिथे नावाचीच गरज होती तिथे मी एका मुलीला बटण दाबू दिलं, कारण मला डॉक्टर व्हायचं होतं.

२४ जानेवारी २००३, शुक्रवार

मी एक वेडेपणा केला. कॉलेजच्या ग्रंथालयात जाऊन माझा प्रबंध मागितला आणि पेनने दुरुस्त करायला लागले. पहिल्या तीन ठिकाणी 'शुक्रवार' लिहिलं. ग्रंथपालाने पाहिलं.

"मॅडम, पुस्तकात लिहायचं नसतं." माझा विद्यार्थी तो.

"माझंच आहे रे."

"आता ग्रंथालयाचं आहे." त्याने हळूच काढून घेतला. दंड केला नाही, तेवढी दया केली.

आत्माराम कॉलेजच्या फाटकाशी भेटला. तो आता एका बर्फाच्या कारखान्यात आहे. घंटी त्याच्या नावावर झाली, पण विकत कोणी घेत नाही, सलिलच्या सेटमध्ये ती आतच असते. म्हणाला, "बाई, आम्ही सहा दिवस गाळ्यात एकमेकांची चोरी धरत बसलो. भांडायलाही सातवा दिवस लागतो, तो बंद." बोलता बोलता हसला. हसण्यासारखं नव्हतं.

घरी येऊन माझी स्वतःची प्रत पूर्ण केली. प्रत्येक ठिकाणी. त्याला मात्र वेळ लागला.

९ मार्च, रविवार

परवा मुंबईला. हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया. डॉक्टर म्हणतात काळजीचं कारण नाही, पण हेच म्हणायचं त्यांना शिकवलेलं असतं. फरीदाला कळवलेलं नाही. तिने मथुराकडून ऐकलं असेल. आली नाही. मीही वजीरभाई बहारिनला गेले तेव्हा तिच्याकडे गेले नव्हते. मला कळलंच नव्हतं, आणि तिला कळलं आहे, एवढा फरक.

मनस्विनी, तू माझ्या भावाची मुलगी, माझ्या मागे कपाट तूच उघडशील, म्हणून उरलेलं तुला उद्देशून लिहिते.

मथुराला गॅसची शेगडी, दोन्ही कुकर, फ्रिज, आणि आजीच्या कुड्या. कुड्या तुला हव्या होत्या हे मला ठाऊक आहे. तुझ्याकडे आहेत चार. तिला एक जोड नाही.

पुस्तकं कॉलेजला देऊ नयेत. नगर वाचनालयाने घेतली तर द्यावीत, नाहीतर रद्दीत. कॉलेजला नको.

बाकावरच्या बोलण्याच्या कॅसेट्स, बुटांच्या खोक्यात आहेत, त्या झरीनला. आत तिचं स्वतःचं बोलणं आहे, आत्मारामचं आहे, तिच्या बापाचं आहे, जुम्म्याच्या अजानेच्या आधीचं. प्रबंधाची पेनने दुरुस्त केलेली प्रतही तिलाच. तिने वाचली नाही तरी चालेल. दुकानात नेऊन देऊ नये, घरी द्यावी.

प्रबंधाची दुसरी प्रत, दुरुस्त न केलेली, हरिहरला. त्याला तीच आवडली होती.

सलिलच्या लग्नाचा आहेर राहून गेला आहे. चांदीची वाटी त्याच्यासाठी वेगळी काढून ठेवली आहे. या सगळ्यात त्या पोराचा काही दोष नाही, त्याला आवर्जून दे.

पदवीदानाची शाल कुणी मागितली तर दे. नाही मागितली तर फरशी पुसायला चांगली आहे.

फरीदाला बातमी सगळ्यांच्या आधी दे. फोनवर नको, घरी जाऊन. ती बसायला सांगेल, बस. काही विचारलं तर सांग, नाही विचारलं तर चहा पिऊन ये.

तिला वस्तू मात्र कोणतीच देऊ नको. दिलीस तर ती घेईल, आणि थँक यू म्हणेल.